स्क्रीनने खाल्लेली जागा

मी एक डेटाबेस बोलतोय. नाव ऐकून थंडगार खोल्या आणि यंत्रांच्या कपाटांच्या रांगा असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. तसले माझे भाऊबंद बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत नांदतात. मी राहतो एका डब्यात. डबा शाळकरी पोराच्या पोळीभाजीच्या डब्याएवढा, आणि तो बसवलाय चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत, जुन्या इमारतीतल्या एका डीप फ्रीझरच्या डोक्यावर. आत किती थंडी आहे ते लिहून ठेवायचं आणि कुणी विचारलं की सांगायचं, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड करू दिलं नाही, म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या कंपनीत झाला. मालक हर्षवर्धन सर, हवाई दलातून निवृत्त झालेले. शेवटचं पोस्टिंग इथे झालं, हवा मानवली, इथलेच झाले. मला घडवलं ते त्यांच्याकडच्या विनयाने. आणि माझी गरज पडली ती तिच्या मैत्रिणीला, आश्लेषाला.

आश्लेषा लातूरची. याच संस्थेत संशोधन करते. दोघींची ओळख मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला झाली, आणि परमुलखात आपल्या भाषेचं माणूस भेटलं की जे होतं तेच झालं. दर रविवारी एकमेकींकडे जेवण. आश्लेषाच्या फ्रीझरमध्ये डेराबस्सीच्या केमिकल कारखान्यांतल्या कामगारांचं रक्त साठवलेलं होतं. बॅरल धुणाऱ्या माणसांच्या लिव्हरचं त्या वासाने काय होतं, ते तिला शोधायचं होतं. सगळं रक्त जमलं की एकदम तपासायचं, असं ठरलेलं. एकेक नळी तिने कारखान्याच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीमागे उभं राहून गोळा केली होती. आत कोण येऊ देणार?

"विनया, मला तुझं ते मेमरी-बिमरी काही कळत नाही," ती एकदा म्हणाली. "लाईट गेली, तर कधी गेली, किती वेळ गेली, आत किती गरम झालं, हे तुझा डबा सांगतो का नाही, तेवढं बोल. रक्त एकदा वितळलं की त्यातलं बरंच काही मरतं गं. मग ते कुणाच्या कामाचं राहत नाही."

"सांगेल. खोटं बोलणार नाही," विनया म्हणाली. त्या एका वाक्यासाठी मी जन्माला आलो.

आता डब्यात मेमरी किती? तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा मावणार नाही, एवढी. विनयाच्या हाताखालचा कैवल्य म्हणाला, "मॅम, वो बड़ा वाला डेटाबेस लेते हैं ना. सब वही यूज़ करते हैं, रिज़्यूमे में भी अच्छा लगता है." कैवल्यचे आईवडील नागपूरचे, पण पोरगा पंचकुल्यात वाढलेला. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"अरे, म्हैस स्कूटरवर बसवून न्यायची आहे का?" विनया म्हणाली आणि तिने मला निवडलं. मी हलका, कमी खाणारा. मला वेगळा कारभार लागत नाही, डबा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या पोटातच मी राहतो.

तिने माझं घर फार मायेने बांधलं. डब्यात दोन जागा असतात. एक पाटीसारखी, भराभर लिहायची, पण वीज गेली की आपोआप पुसली जाणारी. दुसरी पक्की, जरा सावकाश लिहावं लागतं, पण वीज असो वा नसो, लिहिलेलं राहतं. विनयाने नियम घातला, प्रत्येक नोंद तेव्हाच्या तेव्हा पक्क्या जागी जायची. शिवाय लिहिण्याआधी काय लिहिणार ते पक्क्या जागेच्याच एका कोपऱ्यात टिपायचं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी त्यावरून सावरता यायचं. आणि या लिहिण्याची जुळवाजुळव करायला तिने पाटीचा एक तुकडा कायमचा माझ्या नावाने करून दिला. कुणी मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही. ती मुद्दाम माझी वीज तोडायची, मी लिहीत असतानाच. पुन्हा जोडायची आणि विचारायची. मी दर वेळी खरं सांगितलं. तेव्हा ती जी हसायची, तसं हसू मी पुढे तिच्या तोंडावर पाहिलं नाही.

मग आली स्क्रीन.

हर्षवर्धन सर दिल्लीच्या एका प्रदर्शनात जाऊन आले. तिथे त्यांनी परदेशी डब्यांवर रंगीत स्क्रीन पाहिल्या. "बेटा, आपला डबा म्हणजे विजेचा मीटर वाटतो यार," ते विनयाला म्हणाले. "सरकारी लोकांना डेमो द्यायचाय. हिंदी, पंजाबी, इंग्लिश, तिन्ही पाहिजेत. आणि आपला लोगो गोल फिरला पाहिजे. पक्का!"

कैवल्यने चकचकीत चित्रं काढणारं एक साधन आणून माझ्या शेजारी बसवलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आधी म्हणाले, थोडीच मेमरी लागेल. मग तीन लिप्यांची अक्षरं आली, लहान, मोठी, जाड. मग फिरणारा लोगो. बघता बघता पाटी भरली. त्यात माझं लिहिणं यांना खुपू लागलं, कारण मी पक्क्या जागी लिहायला लागलो की लोगो क्षणभर अडखळायचा.

"सेक्रेटरीसाहेबांसमोर अडखळला तर काय दिसेल ते?" सर म्हणाले.

"सर, तो लोगो आहे. ही नोंद आहे," विनया म्हणाली. "अडखळला तर अडखळू दे ना."

"बेटा, ऐक. आधी डबा विकला गेला पाहिजे, मग नोंदी. डेमोपुरतं कर. नंतर परत जसं होतं तसं कर, मी कुठे नाही म्हणतोय?"

डेमोपुरतं. या शब्दावर या शहरात किती कंपन्या चालतात देव जाणे. विनया भांडली, दोन दिवस जेवली नाही म्हणे, आणि शेवटी तिनेच स्वतःच्या हाताने माझी जागा कापली. टिपून ठेवायचा कोपरा गेला. नोंदी पाटीवर साठवायच्या आणि दिवसातून एकदाच पक्क्या जागी टाकायच्या, असं ठरलं. शिवाय डेमोत काही बिघडलं तर अब्रू जायला नको, म्हणून कैवल्यने आणखी एक शहाणपण केलं. माझ्यात काही अर्धवट सापडलं, तर जुनं सगळं टाकून द्यायचं, कोऱ्याने सुरुवात करायची आणि हिरवी खूण दाखवायची.

डेमो झकास झाला. लोगो गरगर फिरला. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. लगोलग मागण्या आल्या आणि जो डबा डेमोत होता तोच तसाच्या तसा भराभर बनायला लागला. विनया दर आठवड्याला म्हणायची, "सर, ते परत लावायचंय." सर म्हणायचे, "या डिलिव्हरीनंतर." वरून कीर्तन, आतून तमाशा. पहिल्याच खेपेत मी आश्लेषाच्या फ्रीझरवर आलो. मैत्रिणीला आतलं सांगायची विनयाला लाज वाटली असावी. पुढच्या खेपेत बदलून देऊ, असं ती मनाशी म्हणत राहिली असणार.

आश्लेषाच्या प्रयोगशाळेत एक चांगली रीत होती. दिवाळीला ती गावी गेली की खोलीची किल्ली तिच्यासोबत काम करणाऱ्या सिमरनजीतकडे जायची, आणि गुरुपूरबला, म्हणजे गुरु नानक जयंतीला, सिमरनजीत गेली की आश्लेषाकडे. जी मागे राहील तिने रोज येऊन फ्रीझरला हात लावून जायचं. त्या दिवाळीत आश्लेषाने किल्ली दिली नाही. "अब डिब्बा है ना जी, तू भी घर जा," ती सिमरनजीतला म्हणाली. माझ्यावरचा हा विश्वास मला आजही बोचतो.

इथे माझ्या आयुष्यात एक भोक आहे. पुढचं मला आठवत नाही. विनयाने नंतर मला उघडून पाहिलं आणि ती जे बोलली त्यावरून सांगतो. सुट्टीत इमारतीच्या केबलचं काम निघालं. नोटीस खालच्या दारावर लावली होती, वाचायला कुणी नव्हतं. जुन्या भागातली ही खोली जनरेटरवर नाही. फ्रीझर बंद पडला. मी बॅटरीवर आलो आणि माझी स्क्रीन लालभडक होऊन तिन्ही भाषांत इशारे देऊ लागली, रिकाम्या खोलीला. पूर्वीची साधी आकड्यांची पट्टी असती, तर ती बॅटरी कित्येक दिवस पुरली असती. या रंगांनी ती पहिल्याच दिवशी पिऊन टाकली. विझता विझता पाटीवरचं पक्क्या जागी टाकायला गेलो, ते अर्ध्यावर राहिलं. वीज परत आली तेव्हा त्या शहाणपणाने माझ्यातलं अर्धवट पाहिलं, आधीचंही सगळं फेकून दिलं आणि हिरवी खूण लावली. सब ठीक है.

लोक माझ्यासमोर जे बोलले ते मात्र सगळं लक्षात राहिलं. ते मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं ना!

आश्लेषा परतली, तिने हिरवी खूण पाहिली आणि फ्रीझर उघडला. सगळ्या नळ्या दगडासारख्या गोठलेल्या. पण वरच्या कप्प्यात तिने एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवलेलं होतं. जुन्या प्रयोगशाळांतली ही जुनीच युक्ती. नाणं वर असेल तर बर्फ वितळला नाही. तिने वाटी उजेडात धरली. नाणं तळाशी होतं, वरून पुन्हा घट्ट बर्फ.

रुपयाच्या नाण्याला जे कळलं ते मला कळलं नाही. कुठे तोंड लपवू?

विनया धावत आली. मला लॅपटॉपला जोडलं, खालून वर आणि वरून खाली शोधलं.

"खालच्या कप्प्याचं तरी सांग," आश्लेषा म्हणाली. "खालचं कदाचित वितळलंच नसेल. तिथे पण तुझी थंडी मोजायची वायर लावलीय ना? एवढं जरी कळलं तरी अर्ध्या नळ्या वाचतील गं."

विनयाने लॅपटॉप मिटला.

"अगं बोल की! काय झालंय?"

"काहीच नाहीये यात, आश्लेषा. मीच काढलं होतं ते. डेमोसाठी."

आश्लेषा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मला सांगायचंस तरी. मी किल्ली ठेवून गेले असते." रविवारची जेवणं तिथेच संपली. कुठली नळी खरी आणि कुठली मेलेली हे सांगता येत नाही, म्हणून तिच्या विभागप्रमुखांनी सगळ्याच टाकायला लावल्या. तिने स्वतः त्या दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरल्या, प्रत्येकीवरचं नाव वाचून.

विनयाला संस्थेला पत्र लिहायचं होतं, चूक आमची म्हणून. कैवल्यला घेऊन मला पाहायला आलेल्या हर्षवर्धन सरांनी ते थांबवलं. "बेटा, रेकॉर्डमध्ये फॉल्ट दिसतोय का? नाही ना? मग फॉल्ट झालाच नाही." ज्यांनी माझी वाचा काढून घेतली, त्यांनी माझ्या मुकेपणालाच साक्षीला उभं केलं. कैवल्य हळूच म्हणाला, "सर, ये ग़लत है," पण सरांनी पाहिलं तसा वायरी गुंडाळायला लागला. विनयाने नोकरी सोडली. मी आहे तिथेच राहिलो, कारण मला काढायचा अर्ज कुणी केला नाही.

मग एके दुपारी रामसनेही आला. बॅरल धुणाऱ्यांतला एक. कारखान्याने त्याला कधीच काढून टाकलंय, आता तो मुल्लानपूरला नव्या टॉवरांच्या कामावर विटा वाहतो. चेहरा पिवळा पडलेला, बरगडीखाली हात धरून उभा.

"मैडम जी, मेरे ख़ून की रिपोर्ट आई? फ़ैक्टरी वाले कहते हैं, तू पहले से बीमार था. डॉक्टर बोले, तब का ख़ून देखे बिना कुछ नहीं कह सकते."

"भैया, वो ख़ून... ख़राब हो गया. मशीन बंद हो गई थी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हिरव्या उजेडात लोगो गरगर फिरत होता. मग तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "कोई बात नहीं मैडम जी, दुबारा ले लो," आणि शर्टाची बाही वर करून हात पुढे केला.

आता त्या रक्तात काय सापडणार? बॅरल सुटून किती महिने झाले. आश्लेषा त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच त्याची बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावून दिलं. तो गेल्यावर ती खुर्चीत बसून रडली, मोठ्याने, एखाद्या लहान मुलीसारखी.

माझ्यासारखे डबे अजून बनताहेत. नव्यांची स्क्रीन मोठी आहे, असं परवा आलेला मेकॅनिक सांगत होता. तेव्हा घडवणाऱ्यांनो, तुमच्या पाया पडतो, साधनं हवी तेवढी साधी निवडा, मला उपाशी ठेवा, अंधारात ठेवा, पण वीज जाताना दोन शब्द लिहिण्याची जागा माझ्याकडून काढून घेऊ नका. आणि बाकीच्यांनो, कुठल्या दवाखान्यात माझी हिरवी खूण दिसली, तर माझ्यावर विसंबू नका. फ्रीझरचं दार उघडून पाहा, माणसाला विचारा. कारण रामसनेही परत आला, तर मी त्यालाही तेच खोटं दाखवीन, त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरात: सब ठीक है.