गिरणीतली मेथी

गिरणी टेम्पोतून उतरली तेव्हा अंजनानं तिला दारातच थांबवलं. आधी ओवाळायचं, मगच उंबरा ओलांडायचा. कमरेएवढी, पांढरी, खाली चार चाकं असलेली घरगुती गिरणी. सुग्रीव आणि टेम्पोवाला घाम पुसत बाजूला उभे राहिले. अंजनानं समोरच्या पत्र्यावर हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. तिच्या बोटाला उरलेलं कुंकू साडेतीन वर्षांच्या ईश्वरीनं आपल्या कपाळाला पुसून घेतलं आणि गिरणीला विचारलं, "तू आता आमच्यातच राहनार का?"

"राहनार," अंजना म्हणाली. "आन आपन बी."

त्या ‘आपन बी’साठीच सगळा खटाटोप होता. दसरा झाला की हिवरतळ्यातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला पार पश्चिमेकडं जायची, ती उन्हाळा लागल्यावरच परतायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसली तर अर्धा कोयता, आणि अर्धा म्हटलं की मुकादमाचं तोंड वाकडं. मागच्या साली फडात अंजना मोळ्या बांधत होती आणि ईश्वरी पाचटावर निजली होती. ट्रॅक्टर मागं सरला. ट्रॉलीचं चाक पोरीच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेलं. पोरगी जागीसुद्धा झाली नाही. अंजनाच्या हातांना मात्र पुढचे चार दिवस मोळीची गाठ जमेना. तेव्हाच तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की पुढच्या साली ही पोर फडात निजणार नाही.

यंदा तर पावसानं पाठच फिरवलेली. श्रावणातच टँकर सुरू झाला. गावचा गिरणीवाला पट्टा काढून ठेवून पुण्याला निघून गेला आणि म्हाताऱ्या बाया रेशनचा गहू डोक्यावर घेऊन सिरसाळ्याला दळायला जाऊ लागल्या. घरात गिरणी असली तर दळणावर मायलेकींचं पोट निघेल, असा अंजनाचा हिशेब. तो तिनं सगळ्यांत आधी सांगितला विमलबाईंना.

विमलबाई म्हणजे गावातल्या अन्नदा महिला सहकारी भांडाराच्या अध्यक्ष. गावात असली की अंजना रोज सकाळी त्यांच्याकडं भाकरी थापायला जायची. पण नातं नुसतं भाकरीचं नव्हतं. ईश्वरी झाली तेव्हा अंजनाला आई नव्हती. डिंकाचे लाडू विमलबाईंनी वळले आणि पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं तेही त्यांनीच. अंजना त्यांना काकू म्हणायची ते तोंडदेखलं नव्हतं.

"तुझ्यासाठीच म्हनून एक ठिवलीय भांडारात," काकू म्हणाल्या होत्या. "कंपनीची नवी हाय. मी सोताच्या डोळ्यानं बघितलीय."

अंजनानं दोन्ही शेळ्या विकल्या. भांडाराच्या व्यवस्थापकानं, भगवानरावांनी, पैसे घेऊन एका चिठोऱ्यावर लिहून दिलं: ‘गिरणी एक, अंजना सुग्रीव, पूर्ण रक्कम मिळाली.’ पक्की पावती कंपनीकडनं आली की देऊ म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर रंगवलेलं होतं: ‘पक्की पावती मागा, तो तुमचा हक्क आहे.’ खाली बीडच्या ग्राहक मंचाचा पत्ता. ती अक्षरं अंजनाचीच. दहावी झालेली आणि वळणदार हाताची म्हणून काकूंनीच तिच्याकडून रंगवून घेतली होती. तरी तिनं पावती मागितली नाही. काकूंच्या भांडारात पावती मागायची म्हणजे आईच्या ताटातलं मोजून घेण्यासारखं तिला वाटलं. चिठोरं तेवढं तिनं ईश्वरीच्या लसीच्या कार्डात घडी घालून ठेवलं.

पहिल्या दिवशी गिरणीनं चार पायल्या ज्वारी दळली. थांबून थांबून. नवी आहे, रुळेल, असं अंजनानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दगडाबाई रेशनचा गहू घेऊन आल्या आणि दहाव्या मिनिटाला बाजूच्या पत्र्याला हात लाववेना. बटण आपोआप पडलं. निववून पुन्हा चालू केली, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तापली तेव्हा आतून वास आला. कडवट, खमंग, ओळखीचा.

अंजनानं दार उघडलं, जाळी काढली. जाळीमागं बोटभर जाडीचं पीठ चिकटून दगड झालं होतं. तिनं चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं. मेथी. तिच्याकडं आजवर मेथीचा दाणा दळला गेला नव्हता. आणि दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीच्या फटीत, वाळून काळपट झालेलं कुंकू होतं. आत तर तिनं कुंकू लावलंच नव्हतं.

ज्वारीत मूठभर मेथी घालून दळणारं गावात एकच घर. काकूंचे मालक मोहनराव, त्यांना साखरेचा आजार. ते पीठ अंजनाच्या हातांना चांगलं ठाऊक होतं. थापताना काठाला भेगाळायचं.

"आजी, ही काकूंच्या घरची गिरणी हाय का वो?"

दगडाबाई पिठाचा डबा आवळत म्हणाल्या, "मंग? संक्रांतीच्या आधी आणली हुती की. मोहनरावानं शेताच्या लायनीवर लावून जाळली म्हन. मला वाटलं तुला ठाव हाय. तू तर रोजची त्यांच्यात."

"तवा मी फडात हुते, आजी."

"हा, ते बी खरंच. तुमी गेलतात."

सहा महिने गाव तुमच्यावाचून चालू असतं आणि त्यात काय काय घडून जातं, ते कुणी मुद्दाम सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, ठाऊक असेल.

गिरणीच्या पाठीवर कंपनीचा फोन नंबर चिकटवलेला होता. अंजनानं लावला. एका मुलीनं फार गोड आवाजात मशीनचा क्रमांक विचारला. अंजनानं एकेक आकडा बोट ठेवून वाचला.

"मॅडम, या मशीनची वॉरंटी जानेवारीतच सुरू झालीय. मोहनराव यांच्या नावानं. मार्चमध्ये मोटार तापते अशी तक्रार आहे. आमचा माणूस येऊन गेलाय. चुकीच्या लाईनवर चालवल्यामुळं मोटार अर्धवट जळलीय, ती वॉरंटीत बसत नाही असं त्यानं लिहिलंय. आपण मोहनरावांच्या घरून बोलताय का?"

"न्हाई," अंजना म्हणाली. "मी त्यांच्यात भाकरी करते."

भांडारात भगवानरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "तू पूजा केलीस ना गं तिची?"

"केली."

"धान्य बी दळलंस?"

"दळलं."

"मंग ती वापरलेली झाली. कुंकू लागलेली वस्तू नवी म्हनून कशी परत घ्यावी? सांग तूच."

"कुंकू तर आतून आधीच लागलंय, भाऊ. ते कुनाचं?"

भगवानराव हसले, पण चष्म्याशी. "असं तोडून बोलू ने. काकूंचा मान हाय गावात. दिवाळी होऊ दे, दिवाळीनंतर बघू."

दुसऱ्या दिवशी अंजना नेहमीच्या वेळेला भाकरीला गेली. जाऊ नये असं वाटत होतं, पण पाय त्याच वाटेनं निघाले. विमलबाई शेजारी बसून गवार मोडत होत्या. आधी घरच्यांच्या भाकरी झाल्या. शेवटी मोहनरावांचं पीठ परातीत पडलं, आणि पाणी घालताच तोच वास वर आला.

"काकू, गिरणीला मेथीचा वास येतो."

"नव्या मशीनला येतो बाई असा कायबाय वास."

"नव्याला तेलाचा येतो. ह्यो ह्या पिठाचा हाय."

गवारीची शेंग हातातच राहिली. थोड्या वेळानं ती मोडल्याचा आवाज आला.

"कुनी सांगितलं तुला?"

"कंपनीनं. जानेवारीपासनं काकांच्या नावावर हाय ती."

विमलबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. समजूत घालतात तशा आवाजात म्हणाल्या, "अगं, फसवायचं म्हनून का केलंय मी? तुझं दळन ते कितीसं. दहा मिनिटं चालवायची, दहा मिनिटं निवू द्यायची. तुला सवय हाय वढून न्यायची. म्हनलं, तुला चालंल."

अंजनाचे हात थापत राहिले. तुला चालंल. काकूंची विरलेली लुगडी चाललीच होती. त्यांच्या नातीचे दाटून बसणारे फ्रॉक, कान तुटलेली कढई, कालची भाजी, सगळं चाललं होतं. आणि अंजना ते उराशी धरून घरी न्यायची, कारण तिला त्यात माया दिसायची. आता एकेक वस्तू डोळ्यांपुढून उलटी होऊन गेली आणि प्रत्येकीच्या खाली तेच दोन शब्द. डिंकाचे लाडू तेवढे तिनं त्या ढिगात टाकले नाहीत. टाकवले नाहीत.

"दिलेलं चालतं, काकू," ती म्हणाली. "ही मी इकत घेतली."

"बरं बाई. दिवाळी होऊ दे. दुसरी मागवून देते."

"तेवढं लिहून द्या."

"कावून? माझ्या शब्दावर इश्वास न्हाई तुझा?"

"हुता."

शेवटची भाकरी तव्यावर होती. ती तशीच टाकून उठणं तिच्या हातांना जमण्यासारखं नव्हतं. भाकरी फुगेपर्यंत ती थांबली, उतरवून टोपल्यात ठेवली, परात घासून पालथी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मुकादम गहिनीनाथ दारात येऊन उभा राहिला. ट्रॅक्टर सोमवारी निघणार होता.

"काय सुग्रीवा, पुरा कोयता ना?"

सुग्रीवनं बायकोकडं पाहिलं. गेल्या चार दिवसांत त्या दोघांचं यावर बोलणंच झालं नव्हतं. गिरणी बिघडली म्हणजे जायचंच, असं तो धरून चालला होता. खरं तर अंजनाही तसंच धरून चालली होती.

पण ती उभी राहून दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होती. भगवानराव म्हणाले होते, दिवाळीनंतर. काकूही म्हणाल्या, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर ह्या घराला कुलूप असणार, हे गावात कोणाला ठाऊक नाही? मंचाची नोटीस निघाली तरी पोस्टमन कुलूप बघून माघारी फिरेल. तारीख लागेल त्या दिवशी तक्रारवाली कुठल्या तरी फडात मोळी बांधत असेल. त्यांना खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं थांबायचं होतं.

"अर्धा," ती म्हणाली.

गहिनीनाथनं पानाची पिंक बाजूला टाकली. "ताई, गिरणी बंद पडली म्हन तुमची. बिघडल्याली गिरणी घिऊन हितं बसनार?"

"बिघडली म्हनूनच बसनार."

"अन् खानार काय?"

"तळ्याच्या गाळाचं रोजगार हमीचं काम हाय. पोरीला अंगनवाडीत सोडून जाईन."

सुग्रीव उंबऱ्यावरची माती पायाच्या अंगठ्यानं उकरत राहिला. एकट्यानं तोडायचं, एकट्यानं बांधायचं, खोपीत आल्यावर एकट्यानंच थापायचं. मग मुकादमाला म्हणाला, "तिनं सांगितलं की. अर्धा."

सोमवारी तो गेला. ईश्वरी ट्रॅक्टरमागं दहा पावलं पळाली. मग आई मागंच उभी आहे हे बघून थांबली, आणि परत आली.

त्या दुपारी पोरगी गिरणीच्या सावलीला निजल्यावर अंजनानं वहीचे दोन कागद फाडले. वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो, हेही त्या भिंतीवर तिनंच रंगवलं होतं. मशीनचा क्रमांक लिहिला. मेथीचं पीठ लिहिलं. आतलं कुंकू लिहिलं. समोरच्या पत्र्यावरचं आपलं स्वस्तिक पुसून टाकावं असं एकदा मनात आलं होतं, पण ते तिनं राहू दिलं. बाहेरचं माझं, आतलं त्यांचं, दोन्ही साहेबांनी बघावीत. लसीच्या कार्डातून चिठोरं काढून जोडलं. विरुद्ध पक्ष म्हणून काकूंचं नाव लिहिताना पेन थांबलं. नाव पूर्ण लिहिलं, पण अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

शेवटी पत्ता. आजवर कुठल्याही कागदावर तिला दोन पत्ते लिहावे लागायचे, एक गावचा, एक ‘सध्या मुक्काम’. ह्या वेळी तिनं एकच लिहिला: मुक्काम पोस्ट हिवरतळे, तालुका परळी, जिल्हा बीड. ईश्वरीनं झोपेत कूस बदलली आणि तिचा पाय गिरणीच्या चाकाला टेकला. चाक जागचं हललं नाही. अंजनानं तो पाय हलकेच उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि पत्त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, कुणी मागितली नव्हती तरी.

‘वरील पत्त्यावर मी बाराही महिने हजर आहे.’