मी गणपती नव्हे, मग कोण?

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. कशाचं, ते मात्र विचारू नका. तीच तर माझी अडचण आहे.

१९९४ सालच्या जून महिन्यात लखनौला माझा जन्म झाला. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत हेमचंद्र नावाचे इंजिनियर राहायचे, नागपूरहून बदलून आलेले. बदलीच्या सामानाच्या खोक्याच्या पट्ट्या ठोकून त्यांनीच माझी चौकट केली आणि तिच्यावर मांजरपाटाचं कापड ताणून दिलं. रंगवलं मला त्यांच्या बायकोनं, पद्मिनीबाईंनी. बाहेर लूचे गरम झोत वाहत होते, वीज गेलेली होती. त्यांनी मधोमध केशरी रंग भरला, त्यावर एक जाड राखाडी वळण ओढलं आणि कोपऱ्यात थोडा निळा लावला. मग कितीतरी वेळ बघत बसल्या आणि शेवटी "झालं" म्हणाल्या. काय झालं, ते काही बोलल्या नाहीत. मी आपला सुकत राहिलो.

मला बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर टांगलं. लखनौची माणसं भारी अदबीची. शेजारच्या बाजपेयीबाई चहाचा कप हातात धरून म्हणायच्या, "वाह भाभीजी, क्या बात है," आणि लगेच सब्जीच्या भावाकडे वळायच्या. कौतुक भरपूर झालं, पण नीट बघितलं कुणीच नाही. हेमचंद्रांची पंचाईत वेगळीच होती. ते दिवसभर ऑफिसात ड्रॉइंग तपासत, आणि त्या ड्रॉइंगमध्ये एकही रेघ बिनकारणाची नसे.

"अगं, लोक विचारतात. सूर्यास्त म्हणून सांगू का?"

"काही सांगू नका," पद्मिनीबाई म्हणायच्या.

मला वाटायचं, सूर्यास्त तर सूर्यास्त, एकदाचं काहीतरी ठरू दे.

पुढच्या वर्षी गणपतीत इंदिरा नगरहून दिनकरराव आले. ते बँकेत होते आणि गावातल्या मराठी मंडळाचे हौशी चिटणीस. आरती झाल्यावर प्रसादाची वाटी घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थबकलेच.

"अहो वहिनी, ही काय सोंड. हे केशरी अंग. साक्षात गजानन काढलाय की तुम्ही!"

मराठी माणसाला ढगातसुद्धा गणपती दिसतो, मी तर समोर भिंतीवर होतो. कुणी मला कुंकू लावलं, कुणी हार घातला. हेमचंद्रांचा चेहरा खुलला, कारण विचारणाऱ्याला सांगायला आता उत्तर मिळालं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. लोकांनी हात जोडलेले कुणाला नको असतात? पण आतून माझा पार गोंधळ उडाला होता. मी गणपती असतो, तर निदान मला तरी ते ठाऊक नसतं का?

जाताना दिनकररावांनी हुकूमच सोडला. "वहिनी, पुढच्या वर्षी मंडळासाठी अशीच पाच काढा. फक्त डोळे जरा स्पष्ट येऊ देत, म्हणजे लोकांना शोधत बसायला नको."

पाहुणे गेले आणि पद्मिनीबाईंनी रंगांची पेटी उचलून माळ्यावर टाकली. "बास झालं. यापुढे मी काही काढणार नाही."

"अगं, पण लोकांना आवडलं ना?" हेमचंद्र म्हणाले.

"त्यांना गणपती आवडला. तो मी काढलेलाच नाही."

"मग काय काढलंस?"

"नाही हो सांगता येत. सांगता आलं असतं, तर रंगवत कशाला बसले असते?"

मी हादरलो. जिनं मला काढलं, तिलाही माझा अर्थ सांगता येत नव्हता. आणि माझ्यापायी तिचं रंगवणंच सुटायची वेळ आली होती. त्यापेक्षा मुकाट्यानं सूर्यास्त झालो असतो तर बरं, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

पेटी आठवडाभर माळ्यावरच राहिली. रविवारी सकाळी हेमचंद्रांनी माझा वाळलेला हार उतरवला आणि कापसाच्या बोळ्यानं जपून कुंकू पुसलं. थोडा डाग राहिलाच. मग खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पद्मिनीबाई भाजी चिरता चिरता उठून दारात आल्या.

"काय बघताय एवढं?"

"काही कळत नाहीये गं."

"मग उठा की. चहा गार होतोय."

"होऊ दे. कळत नाही, पण उठवतही नाही. या निळ्यापाशी नजर आली की हायसं वाटतं. का, ते मला विचारू नकोस."

पद्मिनीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वेताचा मोढा ओढून त्या हेमचंद्रांच्या शेजारी बसल्या. संध्याकाळी दोघं स्कूटरवरून निशातगंजच्या बाजारात गेली आणि नवा मांजरपाट घेऊन आली.

मित्रांनो, आता माझा रंग विटलाय, मागची एक पट्टी वाळवीनं खाल्लीय. माझ्यासारखं एखादं चित्र कुठं भेटलं, तर आल्या आल्या त्याला "तू कोण?" म्हणून दरडावू नका. जरा वेळ त्याच्यापाशी बसा. मी कशाचं चित्र आहे, ते मला अजूनही कळलेलं नाही. त्या रविवारी कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, तेवढं मात्र मला कळलं.