हाताकडे येणारं बटण

मुकादमाने तिचं बटण चोरलं, ते भिंगरीने एक वेळ गिळलं असतं. पण त्याने तिचे बाबा चोरले, आणि तिथे तिची तळपायाची आग मस्तकाला गेली.

मुकादम म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्या त्या कंपनीतला तिचा वरिष्ठ. कागदोपत्री नाव मोठं भारदस्त होतं, पण दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून ‘चला, उरका लवकर’ म्हणण्यापलीकडे तो फारसं काही करत नसे. म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला मुकादम म्हणत. भिंगरी हे नाव मात्र तिला घरी मिळालेलं. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता तीच भिंगरी दिवसभर एका खुर्चीत बसून पडद्यावरच्या वस्तूंना हलायला शिकवत असे.

काम एका इस्पितळाचं होतं. डॉक्टरांची वेळ ठरवायचं पान. वर डॉक्टरांची यादी, मध्ये तारखा, आणि तळाला हिरवं बटण: ‘वेळ नक्की करा’. एरवी बटण आपल्या जागी बसून असतं, माणसाने त्याच्यापर्यंत जायचं. हे बटण तसं नव्हतं. माउसचा बाण जवळ आला की ते अलगद त्याच्याकडे सरकायचं आणि बाणाखाली येऊन थांबायचं. बाण थरथरला तरी त्याला सोडायचं नाही. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतल्या जेमतेम चाळीस ओळी. बाण कुठे आहे, बटण कुठे आहे, दोघांत अंतर किती, आणि त्या अंतराप्रमाणे बटणाला किती ओढायचं. पण ती ओढ नेमकी जमायला दोन महिने गेले. जास्त झाली की बटण अंगावर धावून आल्यासारखं वाटे, कमी झाली की काही होतंय हेच कळत नसे.

हे सगळं तिने बाबांसाठी केलं होतं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. घराच्या खालीच त्यांचं छोटं दुकान होतं. तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू ज्यांनी चाळीस वर्षं चिमट्यात धरले, त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरू लागला होता. पडलेला स्क्रू टेबलाखाली शोधण्यात त्यांची अर्धी सकाळ जायची. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, “वय झालं, हात हलणारच. त्यात डॉक्टर काय करणार?”

एका बटणाला इतका वेळ का, असं मुकादमाने चहा पिताना विचारलं, तेव्हा भिंगरीने भाबडेपणाने हे सारं त्याला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात इस्पितळाच्या बैठकीत मुकादमाने चष्मा काढला, सावकाश पुसला आणि जड आवाजात म्हणाला, “माझ्या वडिलांचा हात थरथरतो. एके दिवशी आंघोळ करताना मला सुचलं, आपण बटणालाच त्यांच्या हाताकडे आणलं तर?”

इस्पितळाच्या संचालक बाईंनी रुमालाने डोळे टिपले. मुकादमाचे वडील रोज सकाळी पोहायला जात आणि दोन हातांत दोन पिशव्या घेऊन जिना चढत. भिंगरी त्याच टेबलाच्या टोकाला लॅपटॉपची वायर धरून बसली होती.

पानाच्या तळाशी ओळ आली, ‘संकल्पना व निर्मिती’, आणि पुढे एकट्या मुकादमाचं नाव.

“सर, तिथे माझंही नाव...”

“अगं, आपण सगळे एक आहोत. नावाबिवाचं काय घेऊन बसलीस?” असं म्हणून त्याने स्वतःचं नाव जरा ठळक करायला सांगितलं. आणि ते तिलाच करावं लागलं.

त्या दिवशी भिंगरीने ठरवलं की याला चारचौघांत, भर सभेत पाणी पाजायचं. ज्या बटणावर हा मिरवतो, तेच बटण याला नाचवेल.

मुकादमाची एक खोड होती. काही दाखवायला उभा राहिला की तो कुठलंच बटण लगेच दाबत नसे. आधी त्यावर बाण गरागरा फिरवायचा, “बघा हं, आता बघा, बघताय ना?” असं म्हणत श्रोत्यांना ताटकळत ठेवायचा, आणि मगच दाबायचा. सरावाच्या वेळी भिंगरीने त्याच्या बाणाचा माग नोंदवून घेतला. पडद्यावर एक गिचमीड उमटली, जशी पेन चालतं का ते बघताना आपण कागदाच्या कोपऱ्यात करतो. ती गिचमीड तिने प्रेमाने न्याहाळली. मग कोडमध्ये एक अट घातली: बटणाच्या आसपास दोन सेकंदांत बाणाची दिशा बारा वेळा बदलली आणि तरी बटण दाबलं गेलं नाही, तर ओढीच्या आकड्याआधी एक उणे चिन्ह. बास. एवढ्याने बटण हाताकडे यायच्या ऐवजी हातापासून पळणार होतं. जितकं पाठीस लागावं, तितकं लांब.

शेजारच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी पान तपासलं. त्यांचं कामच ते, पण हात असा चपळ की प्रत्येक बटण दिसताक्षणी दाबून मोकळ्या. “झकास आहे गं. बटण कसं शहाण्यासारखं येतं!” त्या म्हणाल्या. भिंगरी गोड हसली.

उद्‌घाटन इस्पितळाच्या सभागृहात होतं. भिंगरी मुद्दाम पहिल्या रांगेत बसली. मुकादमाचा चेहरा कसा पडेल, तो बाण घेऊन बटणामागे कसा धावेल, लोक आधी कुजबुजतील की थेट हसतील, हे ती चार दिवस मनात बघत होती. पडदा उजळला. आणि मुकादम माउसकडे न जाता थेट पडद्यापाशी गेला. इस्पितळाने खास या दिवसासाठी स्पर्शाने चालणारा भलामोठा पडदा आणला होता.

बोट काचेला टेकेपर्यंत कोडला काहीच कळत नाही. हवेत बोट कितीही फिरवा, तिथे बाण नाही, माग नाही, बारा वेळा मोजायला काही नाही. मुकादमाने मनसोक्त बोट फिरवलं, “बघताय ना?” म्हणाला आणि टक्‌ करून बटण दाबलं. टाळ्या पडल्या. दहा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईने करावी अशी ही चूक नव्हती. ती दातओठ खात टाळ्या वाजवत राहिली.

पान त्याच दुपारी सगळ्यांसाठी खुलं झालं. एकदा खुलं झालं की त्यातली एक ओळही मुकादमाला कारण सांगितल्याशिवाय बदलता येत नसे. कारण काय सांगणार होती? शिवाय, तिने स्वतःला समजावलं, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या इस्पितळाला हेच दाखवणार आहे. तिथे माउस असेलच. त्याच्यासारखं बटणावर बाण फिरवत बसणारं जगात दुसरं आहे कोण?

आठवडाभरात तक्रारी येऊ लागल्या. बटण पळतं. पहिल्या दिवशी तीन, मग अकरा, मग चाळीस. तपासनीस बाईंनी पुन्हापुन्हा दाबून पाहिलं, त्यांच्या हाती ते निमूट येत होतं. इस्पितळाचे फोन थेट मुकादमाला जात, कारण तळाशी नाव त्याचं, तेही ठळक. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “कुणाला काही कळतंय का?” असं विचारत तो टेबलाटेबलाशी फिरू लागला. भिंगरीने नकारार्थी मान हलवली. सभेतल्या हशापेक्षा हे फारच बरं निघालं होतं. तो रोज थोडाथोडा भाजून निघत होता. तक्रार कोण करतंय, हे तिने विचारलं नाही. तिला फक्त आकडा हवा होता. संचालक बाईंनी मुकादमाला खुलासा द्यायला शुक्रवारी सकाळची वेळ दिली, तेव्हा आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, भिंगरी घरी गुणगुणत गेली.

दुकान बंद होतं. बाबा वर, खिडकीशी बसले होते.

“आज दुकान इतक्या लवकर बंद, बाबा?”

“बंदच केलं,” बाबा म्हणाले. “सगळी हत्यारं कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याला देऊन टाकली. चांगला माणूस आहे. जपेल.”

“देऊन टाकली? का?”

बाबांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे हनुवटीने खूण केली. मी बनवलेलं पान वापरून बघा, असं तिनेच त्यांना सांगितलं होतं. आणि तिने बनवलंय म्हटल्यावर डॉक्टरांना नाही नाही म्हणणारे बाबा तयार झाले होते. टेबलाच्या कडेला घड्याळाचा एक जुना चामडी पट्टा खिळ्याने ठोकलेला होता. मनगट त्यात अडकवलं तर हात कमी हलेल, म्हणून. मनगटाची कातडी सोलवटली होती.

“आठ दिवस प्रयत्न करतोय, भिंगरे. पान सुंदर झालंय हो, त्यात काही खोट नाही. हातच गेला. बिस्किटाएवढं बटण ज्याला पकडता येत नाही, त्याने लोकांच्या घड्याळात कशाला हात घालावा?”

भिंगरीला समोर ती गिचमीड दिसली. दोन सेकंदांत बारा वेळा. मुकादमाच्या मिरवण्याला माप लावताना तिने बाबांच्या हाताचं माप घेतलं होतं. आणि त्या चाळीस तक्रारी कुणाच्या असतील, हेही तिला एकदम कळलं.

“हात नाही गेला, बाबा,” ती म्हणाली. “बटण मी पळवलं.” आणि बसल्या जागी तिने सगळं सांगितलं. रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग घड्याळजीच्या सवयीने नेमकं विचारलं, “कुणासाठी लावलं होतंस?”

“सरांसाठी.”

“त्यांना लागलं का?”

“नाही.”

बाबांनी सोलवटलेल्या मनगटावर बाही ओढून घेतली.

शुक्रवारी बैठकीत मुकादम घामेजून उभा राहिला आणि काहीतरी तांत्रिक अडचण म्हणू लागला. संचालक बाईंनी त्याला थांबवलं. “मला एवढंच सांगा, हे कोणी केलं?”

भिंगरी उभी राहिली. “मी. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.”

हेच वाक्य तिला तीन महिने म्हणायचं होतं. मुकादमाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, जणू त्याच्या पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घेतलं. “हो, हो, सगळं हिचंच,” तो घाईघाईने म्हणाला. “संकल्पना हिची, निर्मिती हिची. मी तर नुसती देखरेख करत होतो.” दुपारच्या आत पानाच्या तळाशी तिचं नाव आलं. एकटीचं. ठळक. संध्याकाळपर्यंत चूक सुधारायची आणि टेबल रिकामं करायचं, असं तिला सांगण्यात आलं.

तिने उणे चिन्ह काढलं, अट काढली, तपासनीस बाईंना बाणाने गिचमीड करायला लावून शंभरदा तपासलं. त्या बाई तिच्याकडे न बघता सांगेल ते करत होत्या. मग ती कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेली. अर्धी हत्यारं त्याने पुढे दिली होती. चिमटा तेवढा मिळाला.

घरी येऊन तिने तो बाबांसमोर ठेवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. टेबलाच्या कडेचा पट्टा उपटून काढला. बाण मुद्दाम डगमगत नेला, तसं हिरवं बटण आपली जागा सोडून अलगद जवळ आलं आणि बाणाखाली थांबलं.

“येतंय की,” बाबा म्हणाले.

तिने माउस त्यांच्याकडे सरकवला. बाबांनी उजवा हात डाव्या हाताने धरून मांडीवरच ठेवला.

“तूच दाब,” ते म्हणाले.