चष्म्याच्या घरातला निळा तुकडा

त्या तुकड्याची चोरी झाली, असं काही म्हणता येणार नाही. तो टेबलावरून उचलला गेला आणि चष्म्याच्या घरात जाऊन पडला, इतकंच. निदान तपासनीस स्वतःची समजूत अशीच घालत होते, आणि पंचाईत नेमकी तिथेच होती. चौतीस वर्षं शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासताना "साहेब, आत्ता तर हातात होतं" हे वाक्य त्यांनी हजारो तोंडांतून ऐकलं होतं आणि त्यावर एकदाही विश्वास ठेवला नव्हता. आता तसलीच वाक्यं त्यांच्या स्वतःच्या डोक्यात रांग लावून उभी होती.

त्याचं असं झालं. थंडी पडली की वाचनालयाच्या खालच्या सभागृहात कार्यक्रमांचा नुसता धडाका असे. सकाळी खुर्चीत बसून करायचे व्यायाम, दुपारी विणकाम, संध्याकाळी कॅरम, रविवारी पोरांसाठी कागदाची खेळणी. दारावर ग्रंथपालबाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'सर्व वयोगटांसाठी'. यंदा त्यांनी खिडकीजवळच्या लांब टेबलावर हजार तुकड्यांचं एक चित्रकोडं मांडलं. चित्रात खाली सरोवर, मध्ये दोन होड्या आणि वर आभाळ. आभाळ म्हणजे तरी किती, तर चारशे तुकडे नुसते निळे. येता-जाता ज्याला जमेल त्याने एखादा बसवायचा, आणि जो शेवटचा तुकडा बसवेल त्याचा फोटो वर्षभर सभागृहाच्या दाराशी लागणार, असं बाईंनी जाहीर केलं.

तपासनीसांना तो फोटो हवा होता. हसण्यासारखं आहे, पण हवा होता. ते बसमध्ये चढले आणि त्यांना पाहून कुणाचा चेहरा खुलला, असं चौतीस वर्षांत घडलं नव्हतं. खिशात तिकीट असलेली माणसंसुद्धा घाबरून खिसे चाचपत. निवृत्तीच्या समारंभाच्या फोटोत त्यांचा एक कान तेवढा आला होता, बाकी सगळा वरच्या साहेबांचा खांदा. घरी बसून तीन वर्षं झाली तरी ते सभागृहात शिरले की कॅरमवाले अजून गप्प व्हायचे. कुणीतरी आत येताना आपला फोटो बघावा आणि त्याला बरं वाटावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून दुसऱ्याच आठवड्यात, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्यांनी एक निळा तुकडा उचलला. निळाच का, तर चारशेतला एक गेला तर कुणाला पत्ता लागणार? तो कुठे बसतो हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी एक भोक उरेल, तेव्हा कळेलच. मग सगळे हळहळत असताना आपण पुढे व्हायचं आणि टेबलाखाली सापडल्यासारखं करायचं. बेत अगदी पक्का होता. रोज सकाळी ते चष्मा नाकावर ठेवत, रिकामं घर कानाशी धरून हलवत आणि आत खडखड वाजलं की निर्धास्त होऊन कोटाच्या खिशात टाकत.

कोटाचीही एक कटकट होतीच. वरचं बटण तीन आठवड्यांपासून गायब होतं आणि थंडी थेट छातीत शिरत होती. बायकोला ते रोज सांगत, ती रोज म्हणे, सापडलं की लावते. दुसरं लाव म्हणाले तर म्हणे, त्या रंगाचं मिळत नाही. एरवी इतकी टापटिपीची बाई एका बटणावर अडून बसावी, याचं त्यांना नवल वाटलं. पण चोरी पचवायच्या नादात त्यांनी ते फार ताणलं नाही.

शेवटच्या रविवारी सभागृह गच्च भरलं. आभाळ जवळजवळ पुरं झालं होतं. दातांचे डॉक्टर, जे रोज दुपारी दवाखाना बंद करून यायचे आणि प्रत्येक तुकडा दाढ तपासावी तसा बोटाने ठोकून बघायचे, ते सकाळपासून टेबलाची जागा सोडायला तयार नव्हते. विणकाम शिकवणाऱ्या काकू लोकरीची पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर बसल्या होत्या. तुकडे भराभर संपत गेले. तपासनीस खिशातल्या घरावर हात ठेवून शांतपणे वाट बघत होते. शेवटी खोका रिकामा झाला, बाईंनी तो उलटा करून आपटलाही, आणि सगळ्यांनी खाली वाकून पाहिलं.

भोकं तीन होती.

एकाचा हिशेब तपासनीसांकडे होता, उरलेल्या दोहोंचा कुणाकडे? टेबलाखाली शोध झाला, सतरंजी झटकून झाली. मग कुणीतरी म्हणालं की हे पोरांचंच काम, आणि बघता बघता सगळी मोठी माणसं तेच म्हणायला लागली. टेबलाजवळ सगळ्यांत जास्त घुटमळायची ती चिमणी. ही पहिलीतली, पुढचे दोन दात पडलेली, गल्लीतल्या सगळ्यांची लाडकी पोर. ग्रंथपालबाईंनी घसा साफ केला आणि तपासनीसांकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "तुमचा हात यात बसलेला आहे. जरा मुलांचे खिसे बघता का?"

चिमणीला कुणी हातही लावला नव्हता, तरी तिने आपणहून फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. एकातून खोडरबर पडलं, दुसऱ्यात काहीच नव्हतं. ती रडली नाही. तिने फक्त तपासनीसांकडे बघितलं. ती नजर त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. तिकीट जवळ असूनही घाबरलेल्या माणसाची नजर. इतकी वर्षं ती नजर दिसली की ते ताठ होत. आज त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, इतकी की कान तापले.

त्यांनी चष्म्याचं घर बाहेर काढलं. ते म्हणाले, "पोरांना सोडा. विनातिकीट मी आहे. एक तुकडा मी लपवला होता."

तपासनीसांनी घर उघडलं आणि टेबलावर उपडं केलं. त्यातून टप्पकन एक बटण पडलं. तपकिरी, चार भोकांचं, कोटाचं.

त्यांनी घर पुन्हा झटकलं, आत बोट घालून चाचपलं, उजेडाकडे धरून बघितलं. तुकडा नव्हता. त्यांच्या तोंडून, कसं कोण जाणे, आपोआपच निघून गेलं, "बाई, आत्ता तर यातच होता."

आधी कॅरमवाल्यांतला एक हसला. हा गडी दोनदा त्यांच्याकडे दंड भरून बसला होता. मग सगळं सभागृह हसायला लागलं, पोट धरधरून, भिंतीला टेकून. चिमणीला काय ते कळलं नाही, पण तीही दात नसलेलं हसली. त्या हसण्यात डंख नव्हता, आणि हे तपासनीसांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

हशा ओसरला. डॉक्टर मात्र हसले नव्हते. त्यांनी पेनाच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक निळा तुकडा काढून गुपचूप टेबलावर ठेवला. काकूंनी एक सुस्कारा सोडला, पिशवीतला लोकरीचा गुंडा उलगडला आणि त्याच्या पोटातून दुसरा काढला. गुंडा पुन्हा गुंडाळताना त्यांनी मान काही वर केली नाही. दोन भोकं बुजली. आता उरलेलं तपासनीसांचं, असं धरून सगळे पुन्हा त्यांच्याकडे बघायला लागले, आणि ते बिचारे पुन्हा चष्म्याच्या घरात बोट घालायला लागले.

"तुमचं राहू द्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाचा खण उघडला, शिक्क्याच्या डबीखालून तिसरा तुकडा काढला आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता तो चिमणीच्या हातात दिला. चिमणीने तो बसवला. चित्र पुरं झालं.

आता डोकं खाजवायची पाळी तपासनीसांची. आपला तुकडा मग गेला कुठे? ते चित्रातल्या आभाळाकडे बघत होते, आणि तिथे बघून कळण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढ्यात दाराशी त्यांची बायको दिसली. डब्यातला चहा घेऊन ती कधीची उभी होती. जवळ येऊन तिने टेबलावरचं बटण उचललं आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "दर रविवारी चष्मा कोण पुसतं तुमचा? पहिल्याच रविवारी तुकडा सापडला. विणकामाच्या निमित्ताने येऊन खोक्यात टाकून दिला."

"आणि हे बटण?"

"घर वाजलं नसतं तर तुम्हाला झोप लागली असती का? चौतीस वर्षं तुम्ही लोकांचे खिसे तपासलेत. तुमचे मी तपासते."

म्हणजे काय, तर तपासनीस तीन आठवडे चोर नव्हतेच. चोरी कधीच परत गेली होती, आणि कबुली मात्र भर सभागृहात देऊन झाली होती. ती परत घेता आली असती का? आली असती कदाचित. पण तेवढ्यात चिमणीने त्यांची बाही ओढली. फोटो तिचाच निघणार होता, पण तिला एकटीला उभं राहायचं नव्हतं. तिला बटणवाले आजोबा हवे होते.

तो फोटो अजून दाराशी आहे. मध्ये चिमणी, तिच्या शेजारी कोट छातीवर उघडा असलेले तपासनीस, हातात बटण धरून. यावेळी दोन्ही कान आलेत. सभागृहात येणारा प्रत्येक माणूस तो बघतो आणि हसतो. कॅरमवाले आता त्यांना बघून गप्प होत नाहीत, उलट लांबूनच ओरडून विचारतात, साहेब, तिकीट आहे का? तपासनीस थांबतात, आणि कोटाच्या वरच्या बटणाकडे बोट दाखवतात. बायकोने ते त्याच संध्याकाळी लावलं, दुहेरी दोऱ्याने.