डिकीतल्या फरशा

"काकूंचं वजन किती असेल हो?" गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला.

"बासष्ट," काकांनी चटकन सांगितलं. "साठ-बासष्ट धर."

मिस्त्री पाठीवर सरपटत बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत उकिडवा बसला. त्याच्यासमोर जुन्या वर्तमानपत्रावर स्प्रिंगांच्या दोन जोड्या मांडलेल्या होत्या. एक बारीक तारेची आणि दुसरी तिच्याहून जराशी जाड.

"नक्की ना? मऊ म्हणून ही बारीक तारेची घातली आणि वर वजन जास्त झालं, तर गाडी नुसती डुलत बसेल. हाडं वाचतील, पण काकूंना मळमळेल. बासष्ट असेल तर ही दुसरी घालू."

"अरे, बायको माझी आहे. मला माहीत नसेल?" काका हसले. "घाल दुसरी. आणि शॉकअप?"

"तेही मऊच टाकतो. रबरं बदलतो. टायरमध्ये हवा जरा कमी ठेवू. काकू म्हणतील, गाडी आहे की पाळणा!"

सगळ्या वस्तीत त्यांना फरशीवाले काका म्हणत. उभा जन्म त्यांनी एका कारखान्याच्या फरशांचे नमुने डिकीत भरून दुकानोदुकानी हिंडण्यात घालवला होता. फरशा जड, म्हणून मागच्या स्प्रिंगा मुद्दाम टणक करून घेतलेल्या. दुकानासमोर खोकी उतरवली की गाडीचा मागचा भाग हळूच वर यायचा. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघून काका सांगायचे, आत अजून किती माल आहे. वजन ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला उचललं तेव्हाही स्वारी काय म्हणाली, तर "तीन खोकी!" नव्या नवरीला असं कोणी म्हणतं का? काकूंनी चांगला अबोला धरला होता.

फरशांना त्या 'माझी सवत' म्हणायच्या. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. हौसेनं फिरायला निघावं तर सवत आधीच मागे येऊन बसलेली असायची.

काका निवृत्त झाले आणि डिकी रिकामी झाली. आता त्या टणक स्प्रिंगांवर भारच उरला नाही, तेव्हा गाडी लहानशा खड्ड्यालाही टणकन उडायला लागली. आणि नेमके तेच दिवस काकूंच्या दुखण्याचे. मणका आतून पोखरत चालला होता, जेवण दोन घासांवर आलं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला काकूंची थोरली बहीण राहत होती. ताई अंथरुणाला खिळलेली आणि दिवसेंदिवस खालावत चाललेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या, पण अलीकडे ताईला फोनवरचं नीट ऐकू येत नव्हतं.

"फोनवर नुसतं 'काय? काय?' चालतं तिचं," काकू म्हणाल्या होत्या. "मला तिच्या शेजारी बसायचंय हो. एकदाच. मग नाही मागणार काही."

मागच्या महिन्यात दोघं निघालेही. काकू वाटभर बडबडत होत्या. दुखायला लागलं की त्या बडबड करायच्या, हे काकांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. रेल्वेच्या फाटकाशी गाडी रुळांवरून गेली आणि बडबड एकदम तुटली. "अहो, वळवा गाडी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून काकांनी मिस्त्रीच्या मागे लकडा लावला होता.

काम झाल्यावर काकांनी गाडी फिरवून बघितली. मागे मिस्त्री बसला होता, चांगला अंगापिंडानं भरलेला गडी. "एक नंबर!" तो म्हणाला. "मला तर डुलकी लागत होती." काका शीळ घालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. कोपरा वळेपर्यंत काकू गप्प होत्या आणि काकांचा जीव हरखला होता. मग मागून आवाज आला, "अहो, ते पडदे धुवायला टाकले पाहिजेत, नाही?"

काकांनी गाडी आणखी हळू केली.

"आणि समोरच्यांची मांजर व्यायली म्हणे. चार पिल्लं. एक अगदी पांढरं. तुम्ही बघितलंत का? नाही, तुम्ही कसले बघताय! मी म्हटलं त्यांना, मला एक ठेवा…"

फाटकाच्या अलीकडेच काकांनी गाडी कडेला घेतली. "दुखतंय ना?"

"नाही हो. खूपच फरक आहे. तुम्ही इतकं करून घेतलंत." दारावरची मूठ काकूंनी दोन्ही हातांनी धरली होती. "पण आज नको. पुन्हा कधीतरी जाऊ."

घरी आल्यावर काकूंना पायावर उभं राहवेना. रोज काका हात द्यायचे, पाठीशी उशी लावायचे, पण उचलायची वेळ आली नव्हती. आज त्यांनी कंबर घट्ट केली, सवयीनं श्वास रोखला आणि दोन्ही हातांवर त्यांना घेतलं. हात भलत्याच जोरानं वर गेले.

दोन खोकी. दोनसुद्धा नाहीत.

काका उंबऱ्यात तसेच उभे राहिले. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. ज्या बायकोचं वजन त्यांनी मिस्त्रीला इतक्या तोऱ्यात सांगितलं होतं, ती घरात नव्हतीच. कधीपासून नव्हती, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

"अहो, ठेवा की खाली," काकू म्हणाल्या. "पाठ धरेल."

"धरू दे."

संध्याकाळी ते मिस्त्रीकडे गेले. त्याला वाटलं, काका भांडायला आलेत. "काही वाजतंय का?"

"नाही रे. तुझं काही चुकलं नाही. ते बासष्ट नाहीये."

"मग किती?"

काकांना आकडा उच्चारवेना. त्यांनी रिकाम्या डिकीकडे बघत दोन बोटं वर केली. गाडी दुरुस्तीला यायची तेव्हा मिस्त्रीनं ती खोकी कितीदा तरी उतरवली होती. त्याला वेगळं सांगायची गरज पडली नाही. तो बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला.

"बारीक तारेची जोडी मी परत पाठवली हो," अखेर तो म्हणाला. "पुन्हा मागवली तर पंधरवडा तरी जाईल."

"ताईचं पंधरवड्याचं काही खरं नाही."

मिस्त्रीनं गाडीच्या मागे जाऊन पत्र्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. पुन्हा दिला. "एक करता येईल. स्प्रिंगला भारच मिळत नाही, म्हणून ती ताठ राहते. डिकीत वजन टाकलं की दबेल आणि झेल घेईल. काका, त्या फरशा आहेत का अजून?"

फरशा होत्या. कारखान्यानं जुने नमुने परत मागितले नाहीत, म्हणून खोकी बाल्कनीत रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर काकूंनी आपल्या कुंड्या मांडल्या होत्या. सवतीच्या डोक्यावर बसवलीत माझी रोपं, असं त्या सांगायच्या. सकाळी काकांनी एकेक कुंडी खाली काढली आणि एकेक खोकं छातीशी धरून जिना उतरले. प्रत्येक फेरीनंतर दम खात, बोटं घालून चाकावरची फट बघत. चारच बोटं मावायला लागली तेव्हा थांबले.

"हिलाही नेताय होय बरोबर?" मागच्या सीटवर उशांना टेकत काकू म्हणाल्या. "बरोबरच आहे. तिच्याशिवाय तुमचं पाऊल कुठे बाहेर पडतंय!"

"आज तुझ्यासाठी आलीये ती," काका म्हणाले.

गाडी निघाली. कोपरा वळला, बाजार मागे पडला. काकूंच्या तोंडून शब्द नाही. काकांचे कान मागे लागलेले. आता पडदे येतील, आता मांजर येईल. काहीच येईना तेव्हा त्यांनी गाडी हळू केली. त्यांनी आरसा वाकडा करून बघितलं. दारावरची मूठ मोकळीच होती. काकूंची मान उशीवर कललेली, तोंड किंचित उघडं. झोपल्या होत्या.

रूळ आले. काकांनी श्वास धरला. गाडीचं पुढचं टोक खाली गेलं, मागे फरशा एकदा दबून उचलल्या गेल्या, आणि झालं.

बऱ्याच वेळानं मागून झोपाळलेला आवाज आला. "अहो, फाटक आलं का?"

"गेलं मागेच."

काकू काही बोलल्या नाहीत. काकांना समोरचा रस्ता जरा धूसर दिसायला लागला, तेव्हा त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

ताईच्या घरासमोर गाडी उभी राहिली. आतून ताईचा चिरका आवाज येत होता, "आली का ती? अरे, कोणी बघा रे, आली का?" काकांनी मागचं दार उघडलं आणि काकूंना अलगद उचलून बाहेर घेतलं. जन्माची सवय, नजर आपोआप चाकाकडे गेली. काकू आत असताना चाक आणि पत्रा यांच्यात चार बोटांची फट होती. त्यांना उचलल्यावरही चारच होती.

"काय बघताय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. चल, ताई हाका मारतेय."

दोन्ही हात गुंतलेले होते. काकांनी कमरेनं दार हळूच लोटलं आणि आवाज होणार नाही असं लावलं.