सूत्रभर म्हणजे कुठवर?

मित्रांनो, मी एक जुनी टीप आहे. लांबलचक सूत्रांचे तुकडे नियमानुसार बदलणाऱ्या एका संगणकी लायब्ररीत, म्हणजे तयार आज्ञांच्या संग्रहात, मी राहते. तिथे 'वरून खाली' नावाची एक आज्ञा आहे. ती काय करते, हे सांगणे माझे काम.

मला लिहिणाऱ्यांना कचेरीत सगळे गुरुजी म्हणत. शब्दांच्या बाबतीत त्यांचा हात भारी आखडता! 'नियम सूत्रभर लावते', एवढ्यावर माझी बोळवण झाली. लोक म्हणाले, "वा, किती आटोपशीर!" मीही फुगले. पुढे कित्येक वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मग एक प्रोग्रामर बाई आल्या. बाळांच्या औषधाचे प्रमाण काढणारा प्रोग्राम त्या लिहीत होत्या. त्यांचा नियम साधा होता: 'मात्रा' दिसली की तिथे 'मात्रा गुणिले वजन' लिहायचे. मला वाचून त्यांनी 'वरून खाली' वापरली. कचेरीतल्या चाचणीत नेमका हाच नियम लावायचा राहिला.

रुग्णालयात पहिला दिवस उजाडला. तिथे त्यांची नणंदच नर्स होती. तिचा फोन आला.

"वहिनी, पडद्यावर चाक नुसतं फिरतंय गं, आकडा येतच नाही! बाळ तापाने फणफणलंय. किती औषध देऊ?"

"आमच्यासाठी थांबू नकोस! डॉक्टरांना बोलाव, हाताने हिशोब करा. फोन मात्र ठेवू नकोस."

फोनमधून बाळाचे रडणे ऐकू येत होते. मला फार भीती वाटली. अखेर नणंद म्हणाली, "दिलं औषध." बाईंनी डोळे पुसले.

गुरुजी मात्र बाईंचा नियम पाहून तडकले. "वरून खाली जाताना ती बदललेल्या तुकड्यातही शिरणारच! तिथे पुन्हा 'मात्रा' आहे, मग पुन्हा बदलणार. एवढं कळायला नको?"

"तुमच्या डोक्यातलं मला कसं दिसणार, गुरुजी? इथे तर एकच ओळ आहे."

बरोबर बोलत होत्या बाई! पण टिपेला कुठे तोंड असते?

बाईंनी लगेच 'खालून वर' ही आज्ञा लावली. ती नव्या तुकड्यात परत शिरत नाही. आकडा चटकन आला, डॉक्टरांनी काढला होता तोच. गुरुजींनी माझ्यात भर घातली: 'बदललेला तुकडाही तपासते.' फोनवर वाचूनही दाखवली.

"काका, ते मला कळत नाही," नणंद म्हणाली. "उद्या हे पुन्हा अडकेल का, तेवढं सांगा."

गुरुजींनी ती भर खोडली. मग त्यांनी लिहिले: 'बदललेल्या तुकड्यातही शिरते. तिथे तोच शब्द उरला, तर कधीच थांबणार नाही. अशा वेळी खालून वर वापरा.'

तेव्हापासून या कचेरीत प्रत्येक टीप आधी बाहेरच्या कोणाला तरी फोनवर वाचून दाखवतात. आता मी आटोपशीर राहिले नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, टीप लिहिताना शब्दांची काटकसर करू नका. ती वाचणाऱ्याच्या फोनवर कोणाचे बाळ रडत असेल, ते लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही.