तीनवार

“पंखा बंद कर. माइकमध्ये त्याची घरघर जाते.”

तीनवारने मुकाट्याने पंखा बंद केला. सभागृहाच्या मागच्या भिंतीला चिकटलेली दुभाष्यांची ती काचेची खोली म्हणजे खोली कसली, दोन खुर्च्या आणि एक टेबल कसंबसं कोंबलेलं कपाटच. पंखा बंद झाल्यावर त्या कपाटात दोन मुली, दोन हेडफोन, एक माइक आणि भरपूर घाम एवढंच उरलं.

माइकसमोर बसली होती ती शब्दकोश. विद्यापीठाच्या आशियाई भाषा विभागात जपानीला पहिला नंबर तिचा. तिला एक शब्द विचारला की अर्थ, उपअर्थ आणि वर दोन उदाहरणं मिळायची, म्हणून हे नाव. शेजारी कोरे कागद आणि जाड पेन घेऊन बसली होती तीनवार. हिचा नंबर शेवटून मोजायला सोपा जायचा.

हे काम जोडीनेच करायचं असतं. एकीने ऐकता ऐकता बोलायचं आणि दुसरीने तिला आकडे लिहून द्यायचे. शब्द निसटला तर त्याचा चुलतभाऊ तरी सापडतो, आकड्याला भाऊबंद नसतात, असं विभागप्रमुख मॅडम म्हणायच्या. तीनवारची निवड झाली होती ती फक्त या आकड्यांसाठी. तिने माइकला हात लावावा असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

“घाबरलीस?” तिने विचारलं.

“भाषण पाठ आहे माझं,” शब्दकोश म्हणाली. “त्यांनी आधीच लिहून पाठवलंय. स्वल्पविरामासकट पाठ आहे. तू?”

“माझं काय, आकडेच. त्यात घाबरायचं काय?”

हे साफ खोटं होतं. तिने पेनाचं टोपण तिसऱ्यांदा काढून पुन्हा लावलं.

आजवर विभागात सगळी भातुकली चालायची. एकाने वक्ता व्हायचं, दुसऱ्याने दुभाष्या, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आज पहिल्यांदा खरी चूल पेटली होती. पूर आणि धरणांवर काम करणाऱ्या इंजिनिअरांची परिषद, जपानहून आलेले वक्ते आणि कानाला हेडफोन लावून बसलेलं भरगच्च सभागृह. शिवाय परिषद संपली की मॅडम दोन नावं कळवणार होत्या. त्या दोघांना जपानमधल्या दुभाष्यांच्या शाळेत एक वर्ष, सगळ्या खर्चासकट. विभागातून बाहेर पडलेली मुलं कुठे यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करत बसत, कुठे पर्यटकांपुढे छत्री उंच धरून चालत. तीही पोटापाण्याची कामं, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण या काचेच्या खोलीत बसायचं तर तो रस्ता त्या शाळेतूनच जायचा.

आणि तीनवारचं घरी ठरलं होतं. त्या दोन नावांत तिचं नाव असेल तर ती जाणार. नसेल तर सोमवारपासून भाजीबाजारात बाबांच्या टेबलामागे उभी राहणार.

बाबा घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. सगळा जन्म त्यांचा त्यात गेला. समोर टोमॅटोचे क्रेट, तिन्ही बाजूंना व्यापारी. कुणी ओरडून बोली लावायचा, कुणी बोटाने, कुणी नुसती भुवई उडवून. बाबांच्या तोंडात एक भाव असायचा आणि कानात पुढचा. बोली थांबली की ते टेबलावर बोटाच्या पेराने ठोकत, “एकवार… दोनवार… तीनवार!” प्रत्येक ठोक्याच्या मध्ये सगळ्यांवरून एकदा नजर फिरवत. कुणाला काही म्हणायचं असेल तर तेवढीच सवड. तिसरा ठोका पडला की माल गेला, मग प्रत्यक्ष मालकालाही बोलायची सोय नसे.

एकदा बाजार बघायला परदेशी पाहुणे आले होते. त्यांच्या कानाशी एक किडकिडीत बाई सारखं काहीतरी कुजबुजत होती. बाबा आपलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “ती बाई बघितलीस? कानाने घेते नि तोंडाने देते. आपलाच धंदा आहे की हा! फक्त टोमॅटो नाहीत.”

बारावीला मार्क बेताचेच पडले. कुठेच प्रवेश मिळेना आणि आशियाई भाषा विभागात मात्र विद्यार्थ्यांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. तेव्हा तिला ती बाई आठवली. पहिल्याच वर्षी एकदा सराव चालू असताना वक्त्याने मोठा आकडा सांगितला आणि बाजारातल्या सवयीने हिने तो दणक्यात तीन वेळा पुकारला. वर्ग हसून हसून लोळला. त्या दिवशी तिचं बारसं झालं.

पण गेल्या वर्षी बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. ज्या माणसाने आयुष्यभर बोलून पोट भरलं, तो आता घरात टेबलावर ठोकून बोलू लागला. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तीन ठोके मात्र घरात कधी ऐकू आले नाहीत. ते बाजारातच राहिले.

आजवर गाळ्याचा हिशेब ठेवणारे काका आता पुकारायला उभे राहिले. काका सरळमार्गी, कष्टाळू, पण पुकारायला लागले की माल विकतायत की माफी मागतायत ते कळत नसे. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. व्यापारी हळूहळू शेजारच्या गाळ्यांकडे सरकले.

“पोरीचा आवाज दादासारखाच आहे,” काका आईला सांगत. “उद्या उभी राहिली तर परवा गाळा भरेल. ती चिनी का जपानी काय ती घेऊन काय करायची आहे, वहिनी?” काकांचं खोटं नव्हतं, म्हणून तर तीनवारला जास्त लागायचं.

आज दोघे भाऊ सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते. काकांनी हेडफोन गळ्यात अडकवला होता आणि गाडीची किल्ली हातात धरली होती. बाबांनी मात्र हेडफोन नीट कानाला लावला होता.

वक्ते उभे राहिले. पांढऱ्या केसांचे, बुटके, कोट थोडा मोठा झालेले. त्यांनी कागद उलगडला आणि सुरुवात केली. शब्दकोशचा आवाज लगेच हेडफोनमधून वाहू लागला, स्वच्छ, गाळून घेतल्यासारखा. सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडम खुशीत मान डोलावत होत्या.

मग त्या म्हाताऱ्याने कागदाकडे बघितलं, सभागृहाकडे बघितलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

“हे तुम्ही नंतर वाचा,” ते म्हणाले. “मी तुम्हाला आमच्या गावच्या नदीची गोष्ट सांगतो.”

शब्दकोशने एवढं भाषांतर केलं आणि तिचा चेहरा पडला. पाठ केलेला रस्ताच पायाखालून गेला होता. म्हातारा आता रंगात येऊन भरभर बोलत होता. ती दोन वाक्यं मागे पडली, मग तीन. तेवढ्यात आकडा आला. जपानी माणूस मोठा आकडा दहा हजारांच्या गठ्ठ्यांत मोजतो. नदीकाठची तेवीस गठ्ठे माणसं हलवायची होती.

“दोन हजार तीनशे…” शब्दकोश म्हणाली. “माफ करा, तेवीस हजार…”

तीनवारने कागदावर ठळक लिहिलं होतं: दोन लाख तीस हजार. पण शब्दकोशला कागद दिसतच नव्हता. तिचे ओठ हलले आणि आवाज थांबला.

हेडफोन मुके झाले की लोक काय करतात? मान वळवून काचेच्या खोलीकडे बघतात. एक मान वळली, दहा वळल्या, मग अख्खं सभागृह मागे बघू लागलं. मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्या शेकडो चेहऱ्यांत तीनवारला एकच पाठ दिसली. बाबा मागे बघत नव्हते. ते मान खाली घालून, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून, तसेच वाट बघत बसले होते.

शब्दकोशने माइक तिच्याकडे सरकवला.

“तू घे,” ओठांनीच ती म्हणाली. “घे ना गं!”

आणि तीनवारने घेतला.

“दोन लाख तीस हजार माणसं,” ती म्हणाली. “आणि हे सगळं माझ्या एका फोनवर अवलंबून होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि माझ्या घरी पाळलेला साधा मासाही माझं ऐकत नव्हता.”

पहिल्यांदा जपानी पाहुणे हसले. श्वासभर शांतता पसरली आणि मग उरलेलं सभागृह हसलं. मॅडम शिकवताना सांगायच्या, हशा दोनदा येतो. पहिला वक्त्याचा, दुसरा तुमचा. दुसरा आला नाही, तर त्या दिवसाचा पगार घेऊ नका. हा दुसरा हशा तिचा होता. तिला अंगभर गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं.

मग ती थांबलीच नाही. सगळे शब्द तिला येत होते असं मुळीच नाही. दोनदा नेमका शब्द सापडला नाही, तेव्हा तिने साध्या बोलीत काम भागवलं. पण तोंडात एक वाक्य आणि कानात पुढचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ते तिने शाळेच्या सुट्टीत, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून बघितलं होतं. शेजारी शब्दकोशने डोळे पुसले, जाड पेन उचललं आणि आकडे लिहायला घेतले. सुवाच्य, मोठ्या अक्षरात, एकही न चुकवता.

म्हातारा त्या दुपारची गोष्ट सांगत होता. तो नदीच्या पातळीची पट्टी वाचायला बसलेला साधा नोकर. फोनवर खाली धरणाचे साहेब.

“मी सांगितलं, चार मीटर. साहेब म्हणाले, बरं. मी सांगितलं, सव्वाचार. साहेब म्हणाले, आमची बैठक चालू आहे, ती संपेपर्यंत पाणी जरा थांबेल का? मी म्हटलं, विचारून सांगतो.”

हशा. श्वास. पुन्हा हशा, आणि हा दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. खुद्द वक्त्यांनीही चमकून काचेकडे बघितलं आणि मान लववली.

“पावणेपाच. पाच. सव्वापाच.”

बोली चढत होती. तीनवारचा आवाज आपोआप घट्ट झाला. हसणारे लोक पुढे सरकून बसले. साडेपाच. सहा. कुणी खोकत नव्हतं. साडेसहा. म्हातारा थांबला. तिच्या जिभेवर पुढचे तीन शब्द अगदी तयार होते. तिने ते गिळले. आकडा एकदाच म्हणाली आणि म्हाताऱ्याइतकीच गप्प राहिली.

“साडेसहा मीटरला मी साहेबांना विचारायचं सोडून दिलं,” मग ती म्हणाली. “भोंग्याची चावी माझ्याच खिशात होती. मी तो वाजवला. दोन लाख तीस हजार माणसं डोंगरावर चढली. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. माणूस मात्र एकही गेला नाही.”

टाळ्याही दोनदा आल्या. दुसऱ्या टाळ्या थांबेनात. शब्दकोशने तिला त्या अरुंद खुर्चीतच मिठी मारली आणि दोघींचे हेडफोन एकमेकांत अडकले.

दार उघडलं तर बाहेर मॅडम.

“दोघींची नावं पाठवतेय,” त्या म्हणाल्या. “एकीकडे शब्द आहेत, एकीकडे कान. दोघींनी तिथे जाऊन एकमेकींचं चोरायचं. आणि तू गं, ‘विचारून सांगतो’ काय छान टाकलंस! माझ्याच्याने झालं नसतं.”

तीनवारने शब्दकोशचा हात घट्ट धरला.

मॅडमच्या मागे काका येऊन उभे होते, त्यांच्या मागे बाबा. काकांचेही डोळे भरले होते. पण हातातली किल्ली त्यांना गप्प बसू देईना.

“छान झालं. खरंच छान झालं, पोरी,” ते म्हणाले. “पण एक अख्खं वर्ष? ठरलं होतं, मान्य. पण तेव्हा मला कुठे वाटलं होतं की तुझं नाव लागेल? गाळ्याचं काय करायचं, दादा?”

बाबा पुढे आले. काचेच्या खोलीला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि बोटाच्या पेराने काचेवर ठोकलं.

एक.

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मॅडम, शब्दकोश, लेक, भाऊ.

“टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल रे,” काका घाईघाईने म्हणाले. “तुझं टेबल, दादा. विचार कर.”

दोन.

बाबांनी पुन्हा नजर फिरवली आणि या वेळी ती काकांवर जरा जास्त वेळ ठेवली. काय चाललंय ते तीनवारला आता कळलं आणि तिने तोंडावर हात दाबला. ते टेबल जात होतं, आणि घालवणारा स्वतः पुकारत होता. त्यांचा चेहरा बाजारात चांगला भाव मिळाला की व्हायचा तसा झाला होता.

तीन.

काच थरथरली. काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. जन्म बाजारात गेलेला माणूस तो. किल्ली खिशात टाकून त्यांनी पुतणीच्या पाठीवर हात ठेवला.